डाव्या खिडकीची कड

इराबत्ती मामांच्या कवळीसाठी मी तीनदा माप घेतलं.
चौथ्या दिवशी त्यांनी लॅबमध्येच पिशवीतून कडक भाकरी काढली,
कट्कन मोडली, डोळे मिटून चावली
आणि म्हणाले, पोरी, हात चांगलाय तुझा.
आता माझं इंजिन कर.

फोटो एकच. होटगीचं यार्ड,
मागे उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ,
वरच्या तारा तेव्हा आल्या नव्हत्या.
निळं डिझेल, मधून सायीच्या रंगाचा पट्टा,
पायरीवर मामा, स्वतःच्या दातांचे.

सत्त्याऐंशी पटीनं लहान करायचं.
खोकं पुण्याहून आलं, आत चकचकीत प्लॅस्टिक,
कधीच कुठे न गेलेलं.

रात्री शेवटची कॅप भट्टीतून निघाली
की टेबल पुसून मी ते पुढ्यात घ्यायची.
साच्यातले जाडजूड कठडे कापून टाकले,
दाढ कोरायच्या बरनं केसाएवढी भोकं पाडली,
ब्रेसेसच्या तारेचे नवे कठडे वाकवून बसवले.
जुन्या इअरफोनची वायर ब्रेकचा होजपाइप झाली.
भिंतीपलीकडे पॉवरलूम खडखडत होते
आणि फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे
आपसात काहीतरी बोलत होते.

मग मळवणं.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
साठीच्या तोंडात विशीचा दात बसवला
तर सगळं तोंडच खोटं दिसतं.
म्हणून मी नव्या कॅपवर तंबाखूची रेघ ओढते,
हिरडीपाशी पिवळट, कडेला राखी,
शेजारच्या दातांनी आपला म्हणावा एवढीच.

काजळी धुराड्याभोवती, पण मागे ओढलेली;
इंजिन पुढे जातं, धूर राहतो.
टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला काळा
दारांच्या फटींत सोडला,
कुंचला वरून खाली पुसला, पाणी ओघळतं तसा.
टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओलसर डाग.
चाकांपाशी गंज काही जमेना,
विटकरीच्या दोन बाटल्या वाया गेल्या,
शेवटी जेवणाच्या डब्यातल्या शेंगाचटणीवरून रंग जुळला.
धूळ मात्र बाटलीतली नाही.
टिकेकरवाडीला रुळांकडेची आणली, मलमलीतून गाळली.
गेटमननं विचारलं, बाई, माती कशाला?
दाताला, म्हटलं.

मामा आले तेव्हा लाइट गेली होती, लूम गप्प.
दाराच्या उजेडात त्यांनी भिंगातून पाहिलं.
नंबर मोठ्यानं वाचला. मग बराच वेळ नुसतेच.
इंजिन बरोबर आहे, म्हणाले,
पण ह्यात कुणी बसलेलं नाही.

बाही वर सारून कोपर दाखवलं,
काळं, टणक, चामड्यासारखं.
डावी खिडकी. बावीस वर्षं हे तिथं होतं.
राहील का तिथं रंग?

महिनाभर चढवत आले होते.
आता कापसाच्या काडीला स्पिरिट लावून
तिळाएवढ्या जागेचा उतरवला,
आधी धूळ, मग निळा, मग अस्तराचा करडा.
खाली लोखंड नव्हतंच, प्लॅस्टिक.
त्यावर पेन्सिलीचं शिसं बोटानं घासत राहिले,
कड चमकेपर्यंत.

अजून? विचारलं.
अजून वेस्ट, म्हणाले.
मिलमधून गोण्या यायच्या, मागाखालच्या गुंत्याच्या,
चादरींतून उरलेलं लाल-हिरवं सूत, हात पुसायला.
खिडकीच्या खिट्टीत कायम एक बोळा.

शेजारच्या लूमवर केर काढून ठेवला होता.
त्यातला एक धागा आणला,
उलगडून उलगडून त्याचा एक तंतू केला,
चिमट्यानं खिट्टीत अडकवला. लाल.

मामा अगदी जवळ वाकले.
श्वासानं उडेल म्हणून तोंडावर हात धरला
आणि हाताआडूनच म्हणाले, बास.

कवळीचे सहाशे अजून यायचेत.